उलटून बघ

कपडा घेताना तो आधी उलटा करायचा, हे मला पॅरिसमध्ये शिकवलं ते फॅशनच्या वर्गाने नव्हे. शिकवलं मोंत्रॉय वेशीवरच्या जुन्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी. त्या मूळच्या अल्जीरियातल्या, काबिली डोंगरमुलखातल्या. सगळा बाजार त्यांना मादाम म्हणायचा, मीही तेच म्हणायचे.

नऊ नंबरच्या मेट्रोने पोर्त द मोंत्रॉयला उतरलं की रिंगरोडच्या कडेला शनिवार, रविवार, सोमवार हा बाजार भरायचा. सँत्वाँच्या प्रसिद्ध बाजाराचा दिमाख इथे नव्हता. तिथे बड्या फॅशनघरांचे जुने पोशाख हँगरवर टांगलेले, किमतीही तशाच. इथे टेबलांवर नुसते ढीग. पण दोन्हींचं मूळ एकच, चिंध्या वेचणारी माणसं. १८८३ मध्ये शहराचे प्रशासक, प्रीफेक्ट पूबेल यांनी घरोघरी कचऱ्याचे डबे सक्तीचे केले आणि रस्त्यावरच्या ढिगांवर जगणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. शहराच्या तटाबाहेर त्यांच्या पथाऱ्या वाढत गेल्या, त्यातून हे बाजार रुजले.

पहिल्याच हिवाळ्यात थंडीने हाडं गोठायला लागली आणि नवा कोट परवडेना. आमच्या घरात दुसऱ्याच्या अंगावरचं घालायचं नाही, असा दंडक. कुणाचं असेल, ते माणूस हयात तरी असेल का, ही आईची धास्ती माझ्याही मनात होती. ढिगातला एक निळा लोकरी कोट मी उचलत होते, ठेवत होते. मादामनी तो माझ्या हातातून घेतला आणि टेबलावर उलटा पसरला. आधी काखेचा वास घेतला. मग पाठीचा भाग उजेडात धरून कसरीची भोकं शोधली. अस्तर खालून हाताने टाचलेलं होतं, आत चांगलं अंगठाभर कापड सोडलेलं. बाहीपाशी जुन्या दुमडीची फिकट रेघ दिसत होती. तिच्यावरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "हा एकदा वाढवलाय, पोरी. म्हणजे दोघींनी घातला. शिवणाऱ्याला ते आधीच ठाऊक होतं, म्हणून कापड सोडलंय. तू तिसरी." आतल्या शिवणीला एक जादा बटणही टाचलेलं होतं. पंधरा युरोंत तो कोट माझा झाला आणि आईची धास्ती तिथेच गळाली.

पुढे रविवारी मी त्यांच्या टेबलामागेच उभी राहू लागले. लोकर आणि नायलॉन बोटांनी ओळखायला, चेनचे दाते तपासायला, कुठली जागा रफूने सावरेल आणि कुठली नाही हे सांगायला त्यांनी शिकवलं. फॅशनकार इव्ह सँ लोराँच्या १९७१ च्या गाजलेल्या संग्रहावर आम्हाला वर्गात व्याख्यान झालं होतं. चित्रकार पिकासोची मुलगी पालोमा हिने जुन्या बाजारातून घेतलेल्या चाळिशीच्या दशकातल्या कपड्यांवरून त्यांना तो सुचला होता, आणि टीकाकारांनी तेव्हा त्यावर सडकून टीका केली होती. मी हे मादामना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या मुलीने ढीग उपसला म्हणून झालं." मला आजही त्या व्याख्यानापेक्षा हे वाक्य मोलाचं वाटतं.

शिकवण्याबद्दल त्यांनी माझ्याकडून कोपऱ्यावरच्या कॉफीपलीकडे काही घेतलं नाही. मी भारतात परतले, मग त्यांची खबर मिळाली नाही. आज पुण्यात माझं रफू-अल्टरचं काम चालतं, त्यावर माझं घर चालतं. गिऱ्हाइकाने टाकायला काढलेला ब्लेझर मी उलटा करते, तेव्हा माझे हात त्यांच्यासारखेच फिरतात. हे ऋण त्यांना फेडण्याची वाट आता उरलेली नाही.

एकदा बोलता बोलता मी त्यांना सांगितलं होतं, की बोहारणीला जुने कपडे देण्याआधी आमच्याकडे बायका बटणं नि हूक कापून डब्यात ठेवतात. आईचा असा डबा भरलेला असे. मादामना ते अजिबात पटलं नाही. "मग पुढच्या बाईने लावायचं काय?" एवढंच त्यांनी विचारलं.

म्हणून माझी विनंती आहे. जुने कपडे द्याल तेव्हा धुऊन द्या, उसवलेलं असेल तर दोन टाके घाला, आणि बटणं तशीच राहू द्या.