परंड्याहून ताईला

परंडा

प्रिय ताई,

कुर्डुवाडीला रेल्वे सोडली की पुढे परंड्यापर्यंत एसटी. इथला भुईकोट किल्ला अजून खंदकासकट उभा आहे. अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ इथेच मांडली होती. तू विजापूरला पाहिलेली मलिक-ए-मैदान तोफ याच किल्ल्यातली. 1632 मध्ये ती इथून तिकडे ओढून नेली. पंचावन्न टनांचं धूड जाईल अशी वाट त्या काळी निघाली, आणि आज पावसाळ्यात कित्येक शेतवस्त्यांना मोटारसायकल पोचत नाही!

समुद्राकाठच्या उरणच्या माणसाला परंड्यात बेटं कुठली दिसणार, असं तू विचारशील. 2025च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा ती सगळ्यांनाच दिसली. तालुक्यातली गावं, वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या, माणसं घरांच्या छतांवर अडकली, काहींना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. पाण्यात तारा पडण्याची भीती असते, म्हणून अशा वेळी वीज आधी बंद होते. ते बरोबरच आहे. पण दिव्याची सगळ्यात जास्त गरज असते त्याच रात्री खांबावरून येणारा उजेड नसतो.

पूर ओसरला तरी वस्ती गावठाणापासून लांबच राहते. शेतीपंपाला थ्री फेज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की गडी बॅटरी घेऊन उसात पाणी धरायला जातो, पायाखाली काय येईल याचा नेम नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा 2023 मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा शेतीला दिवसा वीज द्यायला निघाला आहे. ती मोठी गोष्ट आहे. पण त्यात भर आहे तो पंपावर. ओसरीवर आणि गोठ्यात काय लावायचं हा प्रश्न वेगळा.

धाराशिव

प्रिय ताई,

ओसरीवरच्या दिव्याच्या त्या प्रश्नावर या जिल्ह्यात बरंच काम झालं आहे, आणि त्याचं मूळ भूकंपात आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा धक्का बसला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. घरं दुरुस्त करण्याच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. घर कसं बांधायचं, पैसे कुठे अडले, हे त्या गावाला समजावून सांगत. त्यातून बचत गट उभे राहिले आणि प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेने त्याच बायकांना पुढे धंद्यात आणलं.

पहिला मोठा धंदा चुलीचा. 2006च्या सुमारास बीपी या तेल कंपनीबरोबर ‘ऊर्जा’ नावाची कमी धुराची शेगडी निघाली. उसाची चिपाडं, भुईमुगाची टरफलं यांच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर ती चाले. राज्याराज्यांत मिळून अशा लाखो शेगड्या खपल्या. मग चिपाडाला दुसरीकडे चांगला भाव येऊ लागला, गोळ्या महागल्या, आणि घरोघरच्या शेगड्या कोपऱ्यात गेल्या. शेगडी चांगली होती, विकणारी भरवशाची होती, पण जळण बाहेरून यायचं.

सौरकंदिलात नेमकी हीच अडचण नाही. त्याचा सौरपत्रा दिवसभर उन्हात टाकला की रात्र निघते. मराठवाड्यात ऊन विकत घ्यावं लागत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको! 2012 पासून अमेरिकी सरकारच्या मदतीने संस्थेने या कामाला जोर दिला आणि हजाराहून अधिक बायका कंदील, शेगड्या असा माल विकू लागल्या. त्यांना ‘सखी’ म्हणतात. सखी आपल्याच गावची. बचत गटाच्या बैठकीत ती कंदील लावून दाखवते, घेणारीची ऐपत तिला ठाऊक असते, त्यामुळे हप्ता किती आणि कधी मागायचा हे तिला शिकवावं लागत नाही. कंदील बंद पडला तर घेणारी तिच्याच दारात येऊन उभी राहते. शहरातल्या दुकानदाराला चुकवता येईल अशी ही गाठ सखीला चुकवता येत नाही. माझ्या मते सगळा व्यवहार टिकतो तो या अडचणीच्या नात्यावर.

या कामाला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा हवामानविषयक पुरस्कार मिळाला. 2017 मध्ये संस्थेला इक्वेटर पुरस्कारही मिळाला. प्रेमाताई 2022 मध्ये गेल्या.

बार्शी

प्रिय ताई,

उरणजवळच्या आपल्या घारापुरी बेटाची इथे सारखी आठवण निघते. मुंबई डोळ्यांसमोर लखलखत असताना शेतबंदर, राजबंदर, मोराबंदरच्या लोकांना संध्याकाळी जनरेटर चालेल तेवढाच वेळ दिवा. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून तिथे वीज पोचली ती 2018च्या फेब्रुवारीत. स्वातंत्र्यानंतरच्या सत्तर वर्षांत छोट्या धंद्याची वाट कुणाला सुचली नसेल का?

इतर बेटांवर वाटा निघाल्या. सुंदरबनातल्या सागर बेटावर 1996 मध्येच छोटं सौर वीजकेंद्र सुरू झालं आणि बिलं गोळा करायचं काम गावच्या सहकारी संस्थेकडे गेलं. इंडोनेशियात फ्लोरेस, लेंबाता भागातल्या बेटांवर ‘कोपर्निक’ या संस्थेने बायकांना सौरदिवे आधी दिले, पैसे विक्रीनंतर घेतले. भांडवल नसलेल्या बाईला हा मोठा आधार, कारण न खपलेला माल तिच्या गळ्यात पडत नाही. आयआयटी मुंबईने 2014 पासून शाळकरी मुलांसाठी दहा लाख अभ्यासदिवे काढले. मुलाकडून 120 रुपये घेतले, पण दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला त्या त्या भागातलीच माणसं शिकवली. फुकट वाटपापेक्षा ही रीत केव्हाही बरी. फुकटचा दिवा बिघडला की कुणाकडे न्यायचा, हे कुणालाच माहीत नसतं.

दिव्यात पहिली दगा देते ती बॅटरी. एलईडी वर्षानुवर्षं चालतो, पत्राही टिकतो, बॅटरी मात्र दोन-चार वर्षांत थकते. जत्रेत मिळणाऱ्या स्वस्त मालात ती बदलायची सोयच नसते, मग चांगला दिवा उकिरड्यावर जातो.

म्हणून तुला एक काम सांगतो. तुझ्या ओळखीच्या बचत गटाने सौरदिवे विकायचं मनावर घेतलं, तर कंपनीच्या माणसाला कमिशन किती हे नंतर विचारा. बॅटरी उरणात मिळेल का, आणि ती बदलायला गटातल्या दोघींना शिकवणार का, हे आधी विचारा. तो ‘बघू’ म्हणाला तर माल घेऊ नका.