शून्याची शीट

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. तारीख, वेळ, किती सेकंद. राजापेठच्या आमच्या घरात धाकट्या बहिणीला आलेल्या फिट्सची नोंद.

तिची फिट सिनेमातल्यासारखी नव्हती. बोलता बोलता थांबायची, नजर खिळायची, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे. मिनिटभराने विचारायची, "काय झालं?" आम्ही अंगारेधुपारे केले, गोळ्या बदलल्या. चार वर्षांनी एमआरआय काढला, तेव्हा टेम्पोरल लोबमध्ये छोटी गाठ दिसली. गँगलिओग्लायोमा. सहसा हळू वाढणारी, पण आजूबाजूच्या मेंदूला सतत डिवचणारी.

अंबा एक्सप्रेसने मुंबई गाठली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी मोबाईलवर आकडे वाचत बसलो. २०१२ साली अशा गाठींच्या ९१० रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली होती. ऑपरेशननंतर सुमारे ८० टक्के लोकांच्या त्रासदायक फिट्स थांबल्या होत्या. गाठ पूर्ण निघाली आणि फिट्स सुरू होऊन वर्षाच्या आत ऑपरेशन झालं, तर शक्यता आणखी चांगली. आमची चार वर्षं गेली होती. त्या रात्री झोप लागली नाही.

गाठ पूर्ण निघाली. मग शीटमध्ये शून्य येत गेलं. मी शून्याच्या ओळी हिरव्या केल्या. आठ महिने सगळं हिरवं. आई ती शीट नातेवाइकांना दाखवायची.

दिवाळीत घरी आलो. गच्चीवर ती हळूच म्हणाली, "दादा, ते पोटातून वर चढणारं अजून येते. कधीमधी. पण शुद्ध जात नाही."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुह्या शीटमधलं हिरवं पाहून आई सुखानं झोपत होती ना."

ऑपरेशनचा निकाल मोजायला एंगल नावाची चार वर्गांची पद्धत आहे. पहिला वर्ग म्हणजे त्रासदायक फिट्स नाहीत. शुद्ध न हरपता येणारी अशी छोटी लहर त्यात चालते. २००१ साली आलेल्या दुसऱ्या पद्धतीत मात्र अशा लहरींना वेगळा, दुसरा वर्ग आहे. एका मोजपट्टीवर माझी बहीण पहिली, दुसरीवर दुसरी. दोन्हीकडे ऑपरेशन यशस्वीच. पण ती लहर हीदेखील छोटी फिटच असते. पुढच्या तपासणीत गोळ्या कमी करायचं बोलणं होणार होतं, आणि डॉक्टरांना हे माहीतच नव्हतं.

ते तिने लपवलं, कारण मी शून्याला बक्षीस लावलं होतं.

डॉक्टरांना फोन केला. गोळ्या तशाच चालू राहिल्या. हिरवा रंग मी काढून टाकला. शीट आता तिच्या मोबाईलवर असते, त्यात ती स्वतः लिहिते. मी विचारल्याशिवाय उघडत नाही.

गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला : "आज एक आली. छोटी. आईले सांगतलं. स्कूटीचं कधी विचारू डॉक्टरले?"