कोर्दोबाचा मऊ घास

दक्षिण स्पेनमधील कोर्दोबाच्या अरुंद गल्ल्यांतून सायंकाळी फिरताना लसूण आणि ऑलिव्ह तेलाचा गंध आपली सोबत करतो. खिम्याच्या गोळ्यांना येथे ‘अल्बोंदिगास’ म्हणतात. हे नाव ‘हेझलनट’ या फळाच्या अरबी नावावरून आले. १२३६ पर्यंत येथे नांदलेल्या मुस्लिम राजवटीची ती खूण होय.

आपल्या घरी दात नसलेले ज्येष्ठ असतील, तर या पाककृतीतील एक युक्ती अवश्य ध्यानी घ्यावी. शिळा पाव दुधात भिजवून, पिळून खिम्यात मिसळतात; त्यामुळे गोळे मऊ राहतात. पचनास हलका असा टर्कीचा अर्धा किलो खिमा, एक अंडे, लसूण व बेताचे मीठ एकत्र करावे. लहान गोळे तेलात परतावेत आणि धुरावलेल्या लाल मिरचीची पूड घातलेल्या टोमॅटोच्या रसात झाकून वीस मिनिटे शिजवावेत. केवळ रंगावर विसंबू नये. गोळ्याच्या आतील तापमान ७४ अंश सेल्सिअस झालेच पाहिजे. गिळताना ठसका लागत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

अर्ध्यापाऊण तासात सर्वांचे जेवण एकाच पातेल्यात सिद्ध होते. आजोबांचे पथ्याचे ताट वेगळे मांडावे लागत नाही. ते नातवंडांच्या पंक्तीत, त्यांच्याच चवीचे जेवतात.