कारण संपल्यावर

जलंबहून खामगावला जाणारी रेल्वेची फांदी अवघी तेरा किलोमीटरची. मुंबई-नागपूर मार्गावरून ती फुटते आणि खामगावात येऊन संपते. ही एवढीशी वाट 1870 साली सुरू झाली तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. बुलडाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या गावात देशाचा सर्वोच्च सत्ताधीश येतो, तेव्हा त्यामागे काहीतरी मोठे घडलेले असते. इथे घडले होते ते कापसाचे. आणि कापसाचे जे घडले, त्याची सुरुवात सातासमुद्रापलीकडच्या एका राष्ट्राध्यक्षाने लढलेल्या युद्धात होती.

एखादा राष्ट्राध्यक्ष युद्ध पुकारतो आणि जगाला सांगतो की हे स्वातंत्र्यासाठी आहे. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे मान डोलावतात, निम्मे विचारतात की खाली जमिनीत काय दडले आहे? आपल्या हयातीत हा वाद तेलावरून झाला. वऱ्हाडाला मात्र त्याची ओळख फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात तेलाच्या जागी कापूस होता, आणि त्या काळी जगाच्या नजरेत भरलेल्या बाजारपेठांत खामगाव होते.

1861 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी बंडखोर दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तोवर अमेरिकेतून, म्हणजे गुलामांच्या हातांनी वेचलेला, येत होता. तो अडला आणि लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडू लागल्या. मँचेस्टरची नजर हिंदुस्थानकडे वळली. भाव असे चढले की शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. मग 1865 च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचे जनरल ली शरण आले, आणि मुंबईच्या सट्ट्यापासून गावातल्या सावकाराच्या वहीपर्यंत सारे एकदम कोसळले. भाव उतरला, पण कापूस गेला नाही. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी आली ती राहिली. रेल्वे आली, कापसासाठी वेगळा कमिशनर नेमला गेला, शेतकरी दूरच्या बाजाराला बांधला गेला. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत वऱ्हाडातली माणसे उपाशी मेली, त्यामागे रुसलेला पाऊस होता तसे हे बांधले जाणेही होते.

हे युद्ध कशासाठी होते? लिंकन यांच्या हेतूंवरचा वाद त्यांच्या हयातीतच पेटला होता. 22 ऑगस्ट 1862 रोजी संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वच्छ म्हटले होते की आपले पहिले उद्दिष्ट संघराज्य वाचवणे हे आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ते साधले तरी चालेल, सर्वांना मुक्त करून साधले तरी चालेल. पत्र लिहिताना मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मात्र त्यांनी मंत्रिमंडळाला दाखवून ठेवलेला होता. 1 जानेवारी 1863 ला तो जाहीरनामा लागू झाला, तोही फक्त बंडखोर प्रांतांसाठी. उत्तरेच्या बाजूने राहिलेल्या सीमेवरच्या राज्यांतले गुलाम त्यातून वगळले होते. ज्याला संशयच घ्यायचा आहे त्याला यात भरपूर सामग्री आहे.

तरीही या युद्धाचा एक अर्थ महाराष्ट्रातल्या एका माणसाने अचूक वेचला. 1873 मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली होती. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावे, ही त्यामागची आस होती. तेच युद्ध खामगावच्या बाजारात भाव होऊन पोचले आणि पुण्यात फुल्यांपर्यंत मुक्ती होऊन पोचले. यातले खोटे काहीच नव्हते. इतिहासात हेतू एकटा येत नाही, हे एवढे मान्य केले तर वादाची अर्धी धग उतरते.

पण सगळेच हेतू मिश्र असतात असे म्हणून थांबणे मला पटत नाही. त्या वाक्याच्या आडोशाला कोणीही बसू शकतो, लुटारूसुद्धा. मिश्रणात जड काय होते, हे पारखता आले पाहिजे. कोणी म्हणेल, हेतू कशाला शोधता, परिणाम बघा. मला हेतू कळायला हवा तो एका साध्या कारणासाठी: हेतू कळला की माणूस कुठे थांबणार ते कळते. कर्जासाठी आलेला कर्ज फिटल्यावर जातो. स्वातंत्र्य द्यायला आलेला ते दिल्यावर जातो. म्हणून सांगितलेले कारण संपल्यावर काय झाले, हीच खरी कसोटी.

ही कसोटी मी पुस्तकातून घेतलेली नाही, वऱ्हाडाच्या मातीतच ती सापडते. 1853 च्या मे महिन्यात गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी हैदराबादच्या निजामाकडून तह करून घेतला आणि वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली आले. कारण सांगितले ते थकबाकीचे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च निजामाच्या माथी होता, तो साचत गेला होता, त्याच्या वसुलीसाठी हा मुलूख घेतला. वरून पाहता हा निव्वळ हिशेबाचा व्यवहार. पण 1856 मध्ये कारकिर्दीचा आढावा लिहिताना डलहौसी यांनी समाधानाने नोंदवले की या मुलखात हिंदुस्थानातली उत्तमातली उत्तम कापसाची जमीन मिळाली आहे आणि त्यामुळे इंग्लंडच्या एका मोठ्या उद्योगाची तूट भरून निघण्याचा मार्ग खुला झाला आहे.

मग 1860 चा तह आला. त्यात निजामाचे सुमारे पन्नास लाखांचे कर्ज रद्द झाले, रायचूर आणि नळदुर्गचे भाग परत मिळाले. ज्या कारणासाठी मुलूख घेतला ते कारण संपले. वऱ्हाड मात्र परत गेले नाही. निजामाचे दिवाण सालारजंग पुढे वर्षानुवर्षे ते मागत राहिले आणि नकार घेत राहिले. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झन यांनी वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर ते कायमच्या भाडेपट्ट्याने लिहून घेतले. निजामाच्या राज्यात इथला शेतकरी सुखी होता असे मी म्हणणार नाही. तिथेही महसुलाच्या इजारदारांनी त्याला पिळलेच होते. पण कर्ज हे कारण होते की कापूस, या प्रश्नाचे उत्तर 1860 नंतरच्या वर्षांनी दिले. डलहौसी यांच्या मनात शिरण्याची गरज उरली नाही.

हीच कसोटी लिंकन यांना लावली तर? 1864 च्या उन्हाळ्यात युद्ध रखडले होते, माणसे मरत होती, निवडणूक तोंडावर होती. त्यांच्याच पक्षाचे धुरीण सांगत होते की फक्त संघराज्याची अट ठेवा, गुलामांच्या मुक्तीची अट सोडा, म्हणजे तह होईल. आपण हरणार, असे स्वतः लिंकन यांनीही त्या ऑगस्टमध्ये लिहून ठेवले होते. क्षणभर मन डळमळले असेलही, पण अट त्यांनी सोडली नाही. जिंकल्यावर त्यांनी गुलामगिरी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीचा आग्रह धरला आणि 31 जानेवारी 1865 ला प्रतिनिधिगृहाने ती मंजूर केली. स्वार्थ आणि तत्त्व यांच्या वाटा जिथे फुटल्या, तिथे ते तत्त्वाच्या वाटेने गेले. फुल्यांची पारख खरी ठरते ती या जागी.

आणखी एक गोष्ट मला नेहमी बळ देते. ज्या मँचेस्टरच्या हितासाठी वऱ्हाड राबवले गेले, त्याच मँचेस्टरमध्ये 31 डिसेंबर 1862 रोजी कामगारांची सभा भरली. कापूस नव्हता, काम नव्हते, घरात अन्न नव्हते. तरी त्या सभेने लिंकन यांना पत्र पाठवून गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला आणि लिंकन यांनी त्यांना उत्तरही दिले. सगळेच कामगार त्या मताचे नव्हते, तरी पोट आणि मत यांची गाठ तुटू शकते याचा हा पुरावा आहे. जगात सगळे काही पैशासाठीच चालते, असे म्हणणाऱ्याने ही सभा विसरू नये.

2003 च्या मार्चमध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा आमच्याकडे पारावर, एसटी स्टँडवर, मार्केट यार्डात एकच विषय होता. “बाप्पा, ते सारं तेलासाठी चालू हाय,” हे वाक्य तेव्हा कितीदा ऐकले असेल. त्याला उत्तर देणारेही होते: सद्दाम काय साधू होता? कुर्दांवर विषारी वायू कोणी सोडला? दोन्ही बाजूंचे बोलणे खरे होते, म्हणूनच वाद मिटत नव्हता.

अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मुख्य कारण सांगितले होते ते संहारक अस्त्रांचे. मोहिमेच्या नावात स्वातंत्र्य पहिल्या दिवसापासून होते, पण युद्ध अटळ ठरवले ते अस्त्रांच्या भीतीने. शोध झाला, 2004 च्या अहवालाने साठे नसल्याचे सांगितले. कारण संपले. फौज 2011 च्या डिसेंबरपर्यंत राहिली. मधल्या काळात स्वातंत्र्य हे दुय्यम कारण पुढच्या रांगेत आले. जानेवारी 2005 च्या शपथविधीच्या भाषणात तर तेच सर्वत्र होते. बगदाद पडले तेव्हा तेल मंत्रालयाभोवती अमेरिकी पहारा होता आणि राष्ट्रीय संग्रहालय लुटले जात होते. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 2005 मध्ये इराकी लोकांनी खरोखर मतदान केले, आणि 2009 च्या लिलावांत मोठी तेलक्षेत्रे ब्रिटिश, चिनी, रशियन कंपन्यांनाही मिळाली. तेव्हा केवळ तेल लुटायला गेले, हे म्हणणे अपुरे आहे. पण स्वातंत्र्य द्यायला गेले, हे म्हणणे त्याहून अपुरे आहे, कारण तेच स्वातंत्र्य शेजारच्या तेलसंपन्न मित्रराजांकडून कोणी बंदुकीच्या धाकाने मागितले नाही. लाखाहून अधिक इराकी नागरिकांच्या मृत्यूची नोंद झाली. त्यांना कोणी विचारले नव्हते.

आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये हा वाद सरळ आमच्या वावरात आला. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी भारतीय मालावर आणखी 25 टक्के आयात शुल्क लावले, आधीचे धरून 50 टक्के. कारण सांगितले की भारत रशियाचे तेल घेतो आणि त्याने युक्रेनमधल्या युद्धाला पैसा मिळतो. रशियाचे तेल भारताहून जास्त घेणाऱ्या चीनवर त्या वेळी असा दंड नव्हता. इकडे केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टपासून माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका वेचणीचा हंगाम. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये आणि लांब धाग्याचा 8,110 रुपये क्विंटल ठरला होता, आणि खेडा खरेदीत भाव त्याच्याही खाली सांगितला जात होता. युद्ध युक्रेनमध्ये, तेल रशियाचे, शुल्क वॉशिंग्टनचे, आणि तोटा मोताळ्याच्या, नांदुऱ्याच्या शेतकऱ्याचा.

मग कसोटी फक्त दुसऱ्यांना लावून चालणार नाही. 2022 पूर्वी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा नगण्य होता, पुढे तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेला. स्वस्त तेल गरीब देशाच्या ग्राहकासाठी, असे आपण सांगितले. ते खरे मानायचे तर स्वस्ताईतला किती भाग त्या ग्राहकाच्या, पंपावर डिझेल भरणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या वाट्याला आला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. कापसावरचे शुल्क गिरण्यांसाठी माफ होते, तेव्हा कपाशी लावणाऱ्याचे काय, हेही विचारले पाहिजे.

राष्ट्राध्यक्षांच्या अंतःकरणात काय आहे हे आपल्याला कधीच कळणार नाही. पण कारण जाहीर होते त्या दिवशी ते तारखेसह लिहून ठेवता येते. ते पुरे झाल्यावर सैन्य निघाले का, मुलूख परत गेला का, शुल्क उठले का, हे नंतर पडताळता येते. ज्या लोकांसाठी हे चालले असे सांगितले गेले, त्यांच्या हाती सत्ता आली का, हेही पाहता येते. हे काम करायला पद लागत नाही, विद्वत्ताही लागत नाही. वऱ्हाडाने कर्ज मिटल्यानंतरची वर्षे पाहिली आहेत. म्हणून दूरच्या युद्धाचे कारण ऐकताना पहिला प्रश्न इथल्या माणसाने विचारावा: हे कारण संपले, तर तुम्ही परत जाल का?