बारा व्होल्टची वाट

इंजेक्शनच्या गाडीतला पेट्रोल पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला असतो. एक छोटी डीसी मोटर आणि तिच्या जोरावर पेट्रोल ढकलणारे चाक, एवढाच त्याचा संसार. मोटरचे कार्बन फिरत्या कम्युटेटरवर घासतात, तिथे बारीक ठिणग्याही पडतात, आणि त्या पेट्रोलातच पडतात. तरी टाकी पेटत नाही, कारण द्रवात ज्वलनापुरता प्राणवायू नसतो आणि वरच्या मोकळ्या जागेतली वाफ इतकी दाट असते की ती पेट घेऊ शकत नाही. हेच पेट्रोल मोटरला थंडही ठेवते. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवण्याची काटकसर शेवटी पंपाला महाग पडते ती यामुळे.

त्याआधीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ही भानगड नव्हती. प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीच्या मारुती ८०० मध्ये पंप इंजिनालाच चिकटलेला, कॅमशाफ्टच्या धक्क्याने चालणारा, विजेशी संबंध नसलेला असे. घाटात तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे आणि ड्रायव्हर त्यावर ओले फडके टाकून बसे. उपाय अगदी योग्य होता, पण त्या गाडीसाठी. उन्हात बंद पडलेल्या इंजेक्शनच्या गाडीचे बॉनेट उघडून आजही कुणीतरी ओले फडके मागतो. पेट्रोल टाकीपासूनच अडीच-तीन बार दाबाखाली येत असताना वाफ धरणे दुर्मिळ असते. उन्हाचा त्रास तिथे पेट्रोलाला होत नाही, विजेच्या जोडांना होतो.

पंपापर्यंत येणाऱ्या विजेची वाट लांब असते. बॅटरीच्या धन टोकाकडून मुख्य फ्यूज, तिथून पंपाचा फ्यूज, मग रिले, मग गालिच्याखालून मागे जाणारी वायर, मागच्या सीटखालचा किंवा डिकीतला कपलर, टाकीच्या झाकणावरची पिन आणि मग मोटर. परतीची वाट बॉडीवरच्या अर्थच्या बोल्टवरून. फोर्डच्या अनेक गाड्यांत मध्येच एक इनर्शिया स्विच असतो. अपघाताच्या धक्क्याने तो पंपाची वीज तोडतो, आणि कधीकधी मोठ्या खड्ड्यानेही. बटण दाबून तो पूर्ववत होतो. या साखळीत मोटर ही शेवटची कडी, पण आळ पहिला तिच्यावर येतो.

रिलेचा हुकूम इंजिनाच्या कंट्रोल युनिटकडे असतो. चावी फिरवली की ते साधारण दोन-तीन सेकंद पंप चालवून दाब भरते आणि थांबते. इंजिन फिरत असल्याची खूण मिळाली तरच पंप पुन्हा सुरू होतो. इंजिन बंद आणि पाइप फुटलेला असताना पंपाने पेट्रोल ओतत राहू नये, म्हणून ही योजना. तेव्हा चावी फिरवल्यावर पंपाचा आवाज येऊन लगेच बंद होणे हे बिघाडाचे लक्षण नव्हे. आवाजच न येणे हे मात्र आहे. तसा तो आला नाही, तर चावीतली इमोबिलायझरची चिप ओळखली गेली आहे ना, हे आधी पाहायचे. काही गाड्यांत ती न पटल्यास पंपाला हुकूमच मिळत नाही.

गॅरेजमधला नेहमीचा वाद पुढच्या पायरीवर होतो. कपलर काढून त्यात टेस्टर लावला, तो पेटला, म्हणजे 'करंट येतोय', म्हणजे पंप गेला. हा निष्कर्ष दर वर्षी कितीतरी चांगले पंप भंगारात पाठवत असावा. पंप चालताना साधारण पाच अँपिअर ओढतो. वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या पिनेत अर्धा ओहम रोध असला, तर त्या एका जागी दोन व्होल्टच्या आसपास खर्ची पडतात. टेस्टरमधला चार वॅटचा बल्ब मात्र फक्त एक तृतीयांश अँपिअर ओढतो. त्याच पिनेत त्याचे नुकसान ०.१७ व्होल्ट, तो झळझळीत पेटणारच. डिजिटल मीटर तर याहून फसवा. त्याचा स्वतःचा रोध दहा मेगओहमच्या घरात असल्याने तो मायक्रोअँपिअरच्या हिशेबात प्रवाह घेतो. वायरची एकच तार शाबूत असली तरी तो बारा व्होल्ट दाखवील. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण दिसतो, तसाच हा प्रकार. सातत्य तपासणारा 'बीप' हाही याच जातीचा पुरावा. वायर जोडलेली आहे एवढेच तो सांगतो, तिच्यातून पाच अँपिअर जातील असे नाही.

म्हणून मोजमाप भार असतानाच करायचे. रिले काढून त्याच्या जागी ३० आणि ८७ या टोकांत फ्यूज असलेली वायर जोडली की पंप सलग चालतो. मीटरची लाल तार बॅटरीच्या धन टोकाला आणि काळी तार, कपलर न काढता त्याच्या मागून, पंपाच्या धन पिनेला. आता दिसणारे व्होल्ट म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. त्यावर गेले की वायर टप्प्याटप्प्याने मागे मोजत जायचे, आणि आकडा जिथे उडी मारतो तिथे दोष. अर्थच्या बाजूला हेच पंपाची ऋण पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात. तिथे ०.२ व्होल्टही जास्त. पंप चालतच नसेल, तर त्याच्या जागी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब भार म्हणून लावता येतो. तो साडेचार अँपिअर ओढतो आणि मंद पेटला तर मीटरचीही गरज उरत नाही. फक्त हा बल्ब लांब वायरने, गाडीबाहेर ठेवायचा. उघड्या टाकीजवळ तापलेला बल्ब किंवा वायरची ठिणगी यांचे धाडस करायचे नसते.

उन्हाचा सर्वांत शिकवणारा दाखला जुन्या होंडाचा. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील सिव्हिक, अकॉर्ड आणि १९९८ मध्ये भारतात आलेली पहिली सिटी यांत डॅशबोर्डखाली एक 'मेन रिले' असतो. एका डबीत दोन रिले: एक कंट्रोल युनिटला वीज देतो, दुसरा पंपाला. आतल्या छापील पट्टीवरचे सोल्डरचे जोड वर्षानुवर्षे तापून-निवून पिनेभोवती केसाएवढ्या वर्तुळाकार भेगा धरतात. दुपारी उन्हात उभी केलेली गाडी सेल्फला फिरते, पण चालू होत नाही. काचा उघडून थोडे थांबले, की काहीच झाले नाही अशी सुरू होते. तोवर गॅरेजचा माणूस पोचतो आणि त्याच्यासमोर गाडी ठणठणीत. बिघाड हजर असतानाच चावी फिरवून ऐकले तर उलगडा होतो: चेक इंजिनचा दिवा दोन सेकंद लागून विझतो, पण तेवढ्यात पंपाचा आवाज येत नाही. डबी उघडून जोड पुन्हा सोल्डर केले की बहुतेक वेळा काम भागते. या दुरुस्तीला पैसे जवळजवळ लागत नाहीत. कदाचित म्हणूनच ती कमी सुचवली जाते.

महाराष्ट्रात आणखी तीन शत्रू. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत अर्थच्या बोल्टखाली गंज धरतो. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. आणि मागाहून बसवलेले सामान: चोरीचा अलार्म, लपवलेला स्विच, सीएनजी किट. यांतली बरीच जोडणी पंपाचीच वायर कापून, टोके पिळून, वर काळी टेप गुंडाळून केलेली असते. टेपचा चिकटपणा संपतो, तांबे हिरवे पडते, आणि पाच-सात वर्षांनी पंपावर आळ येतो. फ्यूज वारंवार जात असेल, तर मोठा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे, अपराध आहे. फ्यूज वायरला वाचवतो, आणि ही वायर टाकीपर्यंत जाते.

शेवटचा निवाडा प्रवाहाचा. फ्यूजच्या जागी अॅमीटर लावला, की पंप न उघडता बरेच कळते. प्रवाह शून्य आणि पिनेवर भारासकट पूर्ण व्होल्ट, अर्थही चांगला: मोटर आतून तुटलेली, किंवा कार्बन संपलेले. टाकीला खालून रबरी हातोड्याने हलके ठोकल्यावर पंप चालू झाला तर कार्बनच. प्रवाह नेहमीपेक्षा कमी असेल, तर वाटेत कुठेतरी रोध आहे. प्रवाह जास्त आणि फ्यूज गरम: फिल्टर चोंदलेला किंवा पंप जाम होत चाललेला. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या निदानातच टाकी उघडायची, शेवटच्यात तीही फिल्टर बदलून पाहिल्यावर. उघडलीच, तर झाकणावरच्या पिनाही पाहायच्या. त्या काळवंडल्या असतील किंवा कपलरचे प्लॅस्टिक वितळले असेल, तर तो कपलर नव्या पंपाबरोबरच बदलायचा, नाहीतर नव्या पंपालाही जुन्याइतकेच व्होल्ट मिळतात.