कार्बाइडची चेन घेण्याआधी धार कोण लावणार ते विचारा



चेन सॉ आता गावागावांत झालीय. ऊस तुटून रान मोकळं झालं की बांधावरच्या बाभळी, सुबाभळी तोडायचं काम निघतं, आणि मग धारेची कटकट सुरू होते. त्यावर उपाय म्हणून दुकानात कार्बाइडची चेन दाखवतात. "एकदा घाला, धारेचं नाव नको," असं सांगतात. हे निम्मं खरं आहे.

आधी एक गोष्ट. हे कार्बाइड म्हणजे आंबा पिकवायचं नव्हे. ते कॅल्शियम कार्बाइड. हे टंगस्टन कार्बाइड, भिंतीला भोक पाडायच्या बिटाच्या टोकाला असतं ते. चेनचा दात पोलादाचाच असतो. कापणाऱ्या कडेला कार्बाइडचा बारका तुकडा ब्रेझिंग करून बसवलेला असतो.

साध्या चेनची धार लाकडानं जाते त्यापेक्षा जास्त मातीनं जाते. दिवसभर चांगली चाललेली चेन एकदा जमिनीला टेकली की संपली. आमच्याकडं वारणा-कृष्णेच्या काठाला 2019 आणि 2021 च्या पुरात झाडं बुडाली, सालीच्या भेगांत गाळ बसला. असलं झाड, जमिनीलगतचा बुडखा, मुळ्या, वाळूत पडलेलं लाकूड, अशा कामात कार्बाइड साध्या चेनपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतं. तिथं त्याचा पैसा वसूल होतो.

पण तीन गोष्टी बघा.

1. स्वच्छ लाकडात ही चेन साध्या धारदार चेनपेक्षा थोडी हळू कापते. किंमत मात्र कित्येक पट.

2. कार्बाइड कठीण तसं ठिसूळ. बांधावरच्या झाडात जुनी काटेरी तार, खिळा मुरलेला असतो. त्यावर किंवा दगडावर दात आपटला की टोकाचा तुकडा उडतो. तो तोंडावरही येऊ शकतो. चष्मा, बूट, हातमोजे घातल्याशिवाय सॉ सुरू करू नका.

3. धार. ही चेन गोल कानशीला दाद देत नाही, कानसच घासते. डायमंडचं चाक लागतं. शेजारच्या गावात एकानं साध्या ग्राइंडरच्या दगडावर धरली. दात तापले, ब्रेझिंग सुटलं, टोकं गळून पडली. महागाची चेन भंगारात गेली. फर्निचरवाल्यांच्या टीसीटी ब्लेडला धार लावणाऱ्यांकडं डायमंडचं चाक असतं. चेन धरायचा सांचा त्यांच्याकडं आहे का, ते घेण्याआधी विचारून या. जवळपास कुणी नसेल तर ऐन कामात सॉ बंद ठेवावा लागेल.

चेन कुठलीही घ्या, माप बारवर लिहिलेलं असतं: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. तिन्ही जुळली पाहिजेत. आकडे पुसले असतील तर लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजा आणि दोननं भागा, तो पिच.

बांधावरच्या रोजच्या कामाला माझं मत साध्या चेनलाच. तीन चेन ठेवा, आलटून पालटून वापरा. भुशाचे मोठे काप पडायचे थांबून पीठ पडायला लागलं, सॉ दाबावा लागला किंवा काप तिरका जायला लागला की धार गेली समजा. दाबून रेटू नका, बार तापतो आणि माणूस दमतो. दमलेल्या हाताला किकबॅक आवरत नाही.

धार लावायची पद्धत अशी. इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली, बार पक्का आवळलेला. .325 पिचला 4.8 मिमीची गोल कानस, लहान लो-प्रोफाइल 3/8 ला बहुतेक 4 मिमी. चेनच्या पाकिटावर बघून खात्री करा. पहिल्या दाताला मार्करनं खूण करा. दातावर कोनाची रेघ असते, बहुतेक 30 अंश, ती धरून आतून बाहेर कानस ढकला. परत येताना उचला, घासत ओढू नका. प्रत्येक दाताला सारखेच तीन-चार हात. एका बाजूचे सगळे झाले की दुसरी बाजू. सगळे दात एका लांबीचे राहिले पाहिजेत, नाहीतर सॉ एका अंगाला ओढतो.

दातापुढचा जो उंचवटा, रेकर, तो बरेच जण विसरतात. दात घासून खाली जातो, रेकर तसाच राहतो, मग धार असूनही चेन कापत नाही. गेज पट्टी ठेवून चपट्या कानशीनं तो उतरवा. साधारण 0.65 मिमी फरक हवा. जास्त उतरवलात तर चेन लाकडात घुसते आणि सॉ उसळतो. कार्बाइडच्या चेनलाही रेकर पोलादाचाच असतो, त्याचंही माप बघावं लागतं.

थोडक्यात, बुडखे काढायचा धंदा असेल आणि डायमंडच्या चाकाची सोय असेल तर कार्बाइड घ्या. बाकीच्यांनी तेवढ्या पैशात दोन साध्या चेन, एक चांगली कानस आणि गेज पट्टी घ्यावी. रात्री दहा-पंधरा मिनिटं धारेला दिली की सकाळचं काम वेळेत उरकतं.