गरम पेज, लाळ आणि माझी घाई



अन्नपचन शिकवताना तुम्हीही हा प्रयोग घेतला असेल. भाताची पेज, थोडी लाळ आणि आयोडीनचे दोन थेंब. पेजेत पिष्टमय पदार्थ असतो, म्हणून आयोडीन टाकलं की ती निळी-काळी होते. पण लाळ मिसळून थोडा वेळ ठेवली, तर लाळेतलं अमायलेज हे विकर पिष्टाचे तुकडे करतं, माल्टोज नावाची साखर तयार होते आणि निळा रंग येत नाही. पुस्तकात किती सोपं! माझा मात्र फसला, तोही अख्ख्या सहावीसमोर.

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी पातेल्यातूनच पेज काढून दिली होती. वाफा निघत होत्या. तास संपायला वीस मिनिटं उरलेली, म्हणून मी तशीच दोन परीक्षानळ्यांत ओतली. एकीत आधीच माझी लाळ घेतलेली होती. नळ्या गार झाल्यावर आयोडीन टाकलं, तर दोन्ही निळ्या! "आयोडीन जुनं झालंय बहुतेक," मी म्हणाले. आता विचार करा, आयोडीन खराब असतं तर एकही नळी निळी झाली नसती. पण वेळ मारून न्यायची होती ना.

तेवढ्यात मागच्या ओळीतली एक मुलगी उठली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी. "बाई, पेज लई गरम व्हती. गरम दुधात इरजण घातलं की दही लागत नाही, आई म्हणती."

"दही वेगळं, हे वेगळं. बस खाली."

बसली बिचारी. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसऱ्यानंतर तीही त्यांच्यासोबत जाणार होती, म्हणजे माझ्या वर्गात तिचे चार दिवस उरले होते.

रात्री घरी विरजण लावताना सवयीने दुधात बोट बुडवून पाहिलं आणि तिथंच थांबले. अहो, तिचं बरोबर होतं!

आता नीट सांगते, कारण डी.एड. करताना मलाही हे नीट कळलेलं नव्हतं. आपल्या शरीरातले मोठे रेणू म्हणजे कर्बोदके, प्रथिने, मेद आणि न्यूक्लिक आम्ले. बहुतेक सगळी विकरे ही प्रथिने असतात. जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1926 मध्ये जॅकबीनच्या बियांतून युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचं दाखवलं. बराच काळ लोकांना ते पटलंच नाही. नोबेल मिळालं 1946 मध्ये. (किशोरवयात शिकारीच्या अपघातात त्याचा डावा हात गेला होता आणि तो डावखुरा होता. मुलांना हे जरूर सांगा.)

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती माळ ठरावीक पद्धतीने दुमडून एक आकार घेते. त्या आकारातल्या खाचेत पिष्टाचा रेणू बसतो, कुलपात किल्ली बसते तसा. जास्त उष्णता मिळाली की माळ उलगडते, खाच बिघडते. उकडलेलं अंडं परत कच्चं होतं का? तसंच. विरजणात मात्र जिवाणू असतात, ते गरम दुधात खरोखर मरतात. विकर जिवंतच नसतं, त्यामुळे 'विकर मेलं' असं शिकवू नका. मी दोन वर्षं तसंच शिकवलंय!

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या सांगितलं, "काल माझं चुकलं, हिचं बरोबर होतं." मग प्रयोग तिलाच मांडायला लावला. तीन नळ्या. एकीत नुसती कोमट पेज, दुसरीत कोमट पेज आणि लाळ, तिसरीत कोमट पेज आणि उकळलेली लाळ. पंधरा मिनिटांनी पहिली आणि तिसरी निळी, मधली मात्र आयोडीनच्याच पिवळसर रंगाची. पोरं बाकावर चढली होती.

ती नळ्यांकडे बघत म्हणाली, "मग थंडीत फडावर दही का लागत नाही? तिथं तर गरम नसतंय."

भारी प्रश्न! गारठ्यात जिवाणूही मंदावतात आणि त्यांची विकरेही. पण विकराचा आकार मोडत नाही, ऊब मिळाली की काम परत सुरू. "मग भांडं चुलीजवळ ठिवते," ती म्हणाली.

सोमवारी ती गेली. हंगाम संपला की येईल.

तुम्ही प्रयोग घेणार असाल तर पेज पातळ करा आणि बोटाला कोमट लागेपर्यंत थांबा. लाळ घेण्याआधी चूळ भरा. आणि उकळलेल्या लाळेची तिसरी नळी अजिबात टाळू नका, सगळी गंमत तिच्यातच आहे.